शेफील्डच्या कामगारांचा गळ



व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने मला हटकले, "काय हो, संपाचा कंटाळा आला वाटतं? मासे धरायला निघालात!" मी त्याला म्हटले, "बाबा रे, हा विषय आपल्या चळवळीच्या बाहेरचा नाही, तिच्या पोटातलाच आहे." ते कसे, हे आज सांगावयाचे आहे. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. बाकीचे नगरवाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये.

गळ टाकून नदीकाठी बसणे हा आपल्याकडे आळशी माणसाचा उद्योग समजतात. रशियात, फिनलंडमध्ये तळी गोठली, की लोक बर्फाला भोक पाडून त्यात गळ सोडतात आणि तासन् तास थंडीत बसून राहतात. हे का करतात, याचे उत्तर मला इंग्लंडातल्या शेफील्ड शहराच्या इतिहासात सापडले.

शेफील्ड हे चाकू, सुऱ्या, कात्र्या आणि पुढे पोलाद यांचे गाव. डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हेलिन या पाच नद्या तेथे वाहतात. त्यांच्यावर बंधारे घालून पाणचक्क्या बसविल्या आणि त्या चक्क्यांवर धार लावण्याची दगडी चाके फिरू लागली. चाकावर ओणवा होऊन बसलेल्या कामगाराच्या नाकातोंडात दगडाची व लोखंडाची धूळ जाई. काटे घासणाऱ्यांचे काम तर कोरड्या दगडावर चाले. ते ऐन उमेदीत खोकून खोकून मरत. अशा गावात संघटना जन्मली नसती तरच नवल. 1866 साली देशभरच्या कामगार संघांचे प्रतिनिधी शेफील्डमध्येच जमले आणि दोनच वर्षांनी, 1868 मध्ये, मँचेस्टरला ट्रेड्स युनियन काँग्रेस भरली.

संघटनेने प्रथम काय मागितले? मजुरी तर मागितलीच. पण तिच्या बरोबरीने वेळ मागितला. 1850 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व मुले यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबू लागले. ती अर्धी सुट्टी चळवळीच्या जोरावर हळूहळू इतर धंद्यांत पसरली. शेफील्डचे चाकूवाले तर त्याही आधीपासून सोमवारी काम न करण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्या दिवसाला ते थट्टेने 'संत सोमवार' म्हणत.

ज्याच्या छातीत आठवडाभर धूळ साठली आहे, तो मोकळ्या वेळी काय करील? तो मोकळी हवा शोधील. शेफील्डचा कामगार गळ घेऊन पाण्याकाठी गेला. दारूच्या गुत्त्यांत मंडळे स्थापन झाली, आठवड्याला थोडे थोडे पैसे साठू लागले, आणि 1869 साली या मंडळांचा शहरव्यापी संघ उभा राहिला. पण गावच्या डॉन नदीत मासा होता कोठे? कारखान्यांनी आणि मैल्याने ती केव्हाच मारली होती. म्हणून ही मंडळी आगगाडीने लिंकनशायरमधील विदम नदीवर जात. काठावर खुंट्या मारलेल्या असत. चिठ्ठी टाकून ज्याची खुंटी त्याला मिळे. मुकादम असो वा हमाल, चिठ्ठीपुढे सारे सारखे!

येथेही वर्गभेद होताच. सामन आणि ट्राउट हे मासे जमीनदारांचे. बाकीच्या माशांना इंग्रजीत 'कोर्स' म्हणजे जाडेभरडे म्हणत. ते गरिबांच्या वाट्याचे. कायदा संरक्षण देई ते श्रीमंतांच्या माशाला. म्हणून शेफील्डच्या गळवाल्यांनी आपला खासदार गाठला. त्याचे नाव अँथनी जॉन मुंडेला. एका इटालियन निर्वासिताचा हा मुलगा लहानपणी मोज्यांच्या कारखान्यात राबला, पुढे स्वतः कारखानदार झाला, आणि 1860 साली नॉटिंगहॅममध्ये मालक-कामगारांचे लवाद मंडळ त्याने उभे केले. त्याच्या प्रयत्नाने 1878 मध्ये कायदा झाला, की 15 मार्च ते 15 जून या विणीच्या काळात या जाडयाभरडया माशांनाही कोणी हात लावू नये. इंग्लंडच्या नद्यांवर ही बंदी आजही पाळली जाते.

श्रोतेहो, या घटनेत मला मोठा अर्थ दिसतो. गरिबांनी येथे सरकारकडे सवलत मागितली नाही. आपल्याच हातांना बंधन मागितले. जो आज सारेच ओरबाडतो, तो उद्या सगळ्यांचेच बुडवितो. संघटना म्हणजे तरी दुसरे काय?

परंतु विणीला संरक्षण देऊन भागत नाही. पाणीही जिवंत असावे लागते. नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध 1876 साली कायदा झाला होता. पण कारखान्यावर खटला भरावयाचा तर आधी सरकारी मंडळाची परवानगी काढावी लागे. कायदा कागदावर राहिला आणि डॉन काळीच वाहत राहिली. पोलाद थंड करून सोडलेल्या पाण्याने ती इतकी कोमट झाली, की मैल्यातून आलेल्या अंजिराच्या बिया त्या थंड मुलखात काठावर रुजल्या. ती अंजिराची झाडे आजही तेथे आहेत.

मग मार्ग कोणता निघाला? 1948 साली जॉन ईस्टवुड नावाच्या वकिलाने गळवाल्यांची एक सहकारी संस्था काढली. सभासदांनी वर्गणी द्यावी आणि त्या पैशातून प्रदूषण करणाऱ्यांवर खटले लढवावेत, एवढाच तिचा हेतू. डर्बी येथील एका गळमंडळाचा डरवेंट नदीत मासेमारीचा हक्क होता. त्या मंडळाने काठच्या एका जमीनदारासह तिघांना न्यायालयात खेचले. कृत्रिम रेशमाची ब्रिटिश सेलनीज कंपनी, मैला सोडणारी डर्बी नगरपालिका आणि गरम पाणी सोडणारे वीजमंडळ! 1952 मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही गळमंडळाच्या बाजूने निकाल दिला, मनाई हुकूम कायम केला. मात्र सुधारणा करण्यास मुदत दिली. कारखाना काही बंद पडला नाही. पुढे कित्येक दशके तो चालू होता.

हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा. कारण शेफील्डमध्ये याच्या उलट घडले. 1980 साली तेरा आठवडे पोलाद कामगारांचा संप झाला. त्यानंतरच्या वर्षांत भट्ट्या विझल्या, हजारोंची रोजी गेली. आणि नदी? मैल्याची व्यवस्था सुधारत गेली, भट्ट्यांची घाण थांबली, आणि नदी स्वच्छ होऊ लागली. मासे परतले, बंधाऱ्यांवर त्यांना चढण्यासाठी पायऱ्या बांधल्या, आणि अलीकडे सामनही दिसू लागला. ज्यांच्या आजोबांनी मोकळ्या हवेसाठी गळ उचलला, त्यांच्या दारात मासा आला तो हाताचे काम गेल्यावर.

आता एक माझ्या पदरची गोष्ट सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी ज्या कारखान्यातील युनियनचा चिटणीस होतो, त्याच्या नाल्यातून एका रात्री काहीतरी सुटले आणि सकाळी नदीवर मेलेल्या माशांचा थर आला. भोई वस्तीतले एक म्हातारे गृहस्थ आमच्या कचेरीत आले. म्हणाले, "भाऊ, तुमचं युनियन माशांसाठी न्हाई, ठाव हाय मला. पर ह्येच पाणी तुमची पोरंबी पित्यात न्हवं?" 1974 चा जलप्रदूषणाचा कायदा माझ्या कपाटात होता. पण तक्रार केली तर कारखान्याला टाळे लागेल, सहाशे चुली विझतील, या भयाने मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावले. पुढे चार वर्षांनी कारखाना बंद पडला तो पडलाच. नदीमुळे नव्हे, मालकाच्या हिशेबामुळे. चुली विझल्या आणि नदीही गेली. डर्बीचा खटला मी वाचला तो त्यानंतर.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने 10 जून 1890 पासून मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी मिळाली, की माणसाला बसायला एक काठ लागतो, आणि त्या काठाशी जिवंत पाणी लागते. भाकरी की नदी, असा प्रश्न जो आपल्यापुढे टाकतो, त्याला दोन्ही द्यावयाची नसतात, हे मी फार उशिरा शिकलो. ते भोईबाबा आज नाहीत. त्यांना द्यावयाचे उत्तर मी आपल्यापुढे देत आहे: होय बाबा, आमचीही पोरे तेच पाणी पितात.