शाळेतली हवा आणि कायद्याचे एक कलम

आम्ही शिकलो ते शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारात अधिक. कायदा वाचण्याची सवय लागली तीही गरजेपोटी. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील चौदावे कलम धूळ आणि धूर यांच्याविषयी होते. कामगाराला इजा होईल अशी धूळ कामाच्या जागी साचू देऊ नये, आणि ती जिथे उत्पन्न होते तिथेच शक्य तितक्या जवळून ओढून घ्यावी, असे ते सांगत असे. हे कलम कुणी उदार होऊन दिलेले नाही. गिरणीतल्या आणि दगडखाणीतल्या माणसांच्या खोकल्याने ते लिहून घेतले आहे.

आता जुन्नर-आंबेगावच्या शाळांकडे वळू. पूर्वी शाळा देवळाच्या ओसरीवर भरे. जमीन सारवलेली असे. तेव्हाही धूळ होतीच. पण ती जाड, बरीचशी नाकातच अडकणारी. मास्तर मंडळी आजही खडूला दोष देतात. खडूची भुकटी डोळ्यांना दिसते, म्हणून तो बिचारा सापडतो. खरा अपराधी दिसत नाही. अडीच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा-तिसावा हिस्सा, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. असे कण मुख्यतः जळण्यातून निघतात. म्हणून प्रश्न असा विचारावा, की शाळेभोवती काय काय जळू लागले आणि केव्हापासून?

कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, पाणी आले. ज्या गावाचे नाव आंबेगाव तालुक्याला आहे, ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून ‘विघ्नहर’ आणि ‘भीमाशंकर’ हे सहकारी साखर कारखाने आले. तोडणी झाली की खोडव्यासाठी रान मोकळे करायचे म्हणून पाचट पेटवतात. गुऱ्हाळाच्या चुलाणात चिपाड जळते, वीटभट्टी धुमसते. हे सारे थंडीच्या दिवसांत, म्हणजे ऐन शाळेच्या मोसमात. पहाटेची गार हवा डोंगरांमधल्या खोऱ्यात बसून राहते आणि धूरही तिच्याबरोबर बसतो. त्यात नारायणगाव-मंचरवरून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्याच्या मालमोटारी. यांतले काहीच आम्ही वाईट म्हणणार नाही. त्यावर इथली घरे उभी राहिली आहेत.

शाळेच्या आवारातली चूल मात्र अगदी अलीकडची. माध्यान्ह भोजनाची केंद्रीय योजना १९९५ ची. शिजवलेले अन्नच द्यावे असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा. खिचडी आली, ही मोठीच गोष्ट झाली. तिच्याबरोबर सरपणही आले. चुलीचा धूर किती घातक असतो हे तेव्हा अज्ञात नव्हते. कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजून १९८३ मध्येच प्रसिद्ध केला होता.

मग २००९ साल उजाडले. ऑगस्टमध्ये शिक्षणहक्काचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, कुंपण, मैदान, एवढेच काय स्वयंपाकघरही आहे. हवा नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय मंडळाने या सूक्ष्म कणांची मर्यादा ठरवली: घनमीटरला वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅम, चोवीस तासांची ६०. तीन महिन्यांच्या अंतराने निघालेल्या या दोन कागदांची आपसांत ओळख झालेली दिसत नाही. (खोडदच्या दुर्बिणींना आकाश नीट ऐकू यावे म्हणून आसमंतातला रेडिओचा गोंगाट आवरून धरतात. म्हणजे मनात आणले तर आसमंत राखता येतो.)

शाळा हा कारखाना नव्हे, म्हणून चौदावे कलम तिथे कधी लागलेच नाही. खिचडी शिजवणाऱ्या बाईला वेतन नाही, मानधन मिळते. तेव्हा कामगार म्हणून तिची गणती करायलाही सरकार तयार नसते. जिथे अजून लाकूड जळते तिथे ती दहा वाजता चूल पेटवते. फुंकणीने जाळ धरला की धूर भिंतीवरून वळतो आणि पहिलीच्या वर्गाच्या खिडकीत शिरतो.