पाहुणा कोणाच्या घरी उतरतो?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ज्या कॉलेजात इतिहास शिकवतो तेथे एका परदेशी विद्यापीठातील सात विद्यार्थी आणि दोन प्राध्यापक आठवडाभरासाठी यावयाचे होते. उपक्रमाचे नाव ‘सांस्कृतिक आदानप्रदान’. पाहुण्यांनी हॉटेलात न उतरता स्थानिक कुटुंबांत राहावे, त्यांच्यासोबत जेवावे, त्यांचे जगणे पाहावे अशी कल्पना. समितीवर मी होतो आणि यजमान कुटुंबांची यादी माझ्या अक्षरात आहे. नऊ नावे. त्यांत आमच्या वस्त्यांमधले एकही घर नाही. घरात कमोड पाहिजे, इंग्रजी बोलणारे कोणी पाहिजे, वस्ती बरी पाहिजे असे निकष ठरले. जातीचा उच्चारही झाला नाही. तो आता करावा लागत नाही. मी लिहीत गेलो. माझ्या घरी कमोड आहे आणि इंग्रजी बोलणारा मी आहे. माझे नाव कोणी सुचवले नाही, हे मी समजू शकतो. ते मीही सुचवले नाही.

घरी आल्यावर आईने विचारले, “आपल्या घरी नाई येनार का कोनी?”

“माजरी दूर पडते, माय,” मी म्हणालो.

हे उत्तर खोटे होते. माजरी दूर नाही. वर्धा-बल्लारशा लोहमार्गावरचे ते जंक्शन आहे. येथून एक फाटा वणीकडून आदिलाबादकडे जातो. मागे वरोरा, पुढे भांदक. कोळशाच्या खाणी, खाणीची क्वार्टर्स, आणि वाळत घातलेल्या धुण्यावरही बसणारी काळी धूळ. गाडी बदलणारे येथे उतरतात आणि दुसऱ्या गाडीने निघून जातात. पण या लोहमार्गाने जगातली माणसे गेली शंभर वर्षे येत-जात आहेत, आणि त्यांना कोणी उतरवून घेतले याचा इतिहास आपण लिहिलेला नाही.

हा इतिहास फार मागे नेता येतो. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग कलिंगाकडून कोसल देशात आला. तेथे शंभराच्या आसपास विहार आणि दहा हजारांच्या जवळपास भिक्खू असल्याचे त्याने नोंदवले आहे. या कोसलची राजधानी म्हणजे आमचे भांदक असावे, असे मत कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात मांडले. पुढे अनेक संशोधकांनी तो मान छत्तीसगडातील सिरपूरला दिला. भांदकच्या लोकांना हे फारसे आवडत नाही. मला त्या वादात शिरावयाचे नाही. विजासनच्या टेकडीत कोरलेली लेणी आणि आतल्या बुद्धमूर्ती मात्र कोणाच्याही मताची वाट पाहत बसलेल्या नाहीत. या मुलखात परदेशी पाहुण्याला उतरवून घेणारी घरे एके काळी होती आणि ती विहारांची होती, एवढे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर आमचे पाहुण्याशी असलेले नाते पार उलटले. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते, कारण आपल्या लेखकांनी महारकीच्या अपमानाविषयी पुष्कळ लिहिले, पण या अंगाकडे फारसे पाहिले नाही. गावात येणाऱ्या परक्या माणसाला सर्वांत आधी कोण भेटत असे? वेसकर. वेशीवर बसणारा तो. सरकारी अंमलदार आला की त्याचे ओझे वाहणे, घोड्याला गवत-पाणी देणे, लाकूडफाटा आणणे, पुढच्या गावापर्यंत वाट दाखवणे ही सगळी कामे त्याची. पश्चिम महाराष्ट्रात त्याला वतन म्हणत. आमच्या मध्यप्रांतात बहुधा कोतवालकी म्हणत. नाव वेगळे, राबणे तेच. म्हणजे पाहुण्याचा पाहुणचार शतकानुशतके ज्याच्या अंगावर होता, तोच माणूस यजमान कधी झाला नाही. त्याने घोड्याला पाणी द्यावे. घोड्यावरच्या माणसाला देऊ नये. अतिथीला देव मानणाऱ्या संस्कृतीत आतिथ्याचे सर्व कष्ट एका जातीकडे आणि सर्व पुण्य दुसऱ्या जातीकडे अशी ही वाटणी होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. त्यामागे जमिनीचा आणि मोबदल्याचा प्रश्न होता हे आपण जाणतो. मला त्यात हाही प्रश्न दिसतो. जो राबण्यास बांधलेला आहे तो कोणाला ‘या, बसा’ म्हणू शकत नाही.

आणि आम्ही पाहुणे असतो तेव्हा? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ राहिलेले, लंडनहून परतलेले बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना उतरावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि लाठ्या घेतलेल्या माणसांनी तेथूनही बाहेर काढले. ही हकिकत त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणात लिहिली. ती कोणासाठी लिहिली हे पाहण्यासारखे आहे. परदेशी माणसाला अस्पृश्यता आहे एवढे ठाऊक असते, पण ती शेजारी नसल्यामुळे तिचा जाच किती असतो हे कळत नाही, म्हणून त्यांनी हे अनुभव मांडले. परदेशी पाहुण्याशी काय बोलावे, याचा धडाच त्यांनी घालून दिला. तो आपण कितपत गिरवला याकडे मी पुढे येतो.

सामान्य नागरिकांनी परदेशी माणसाला घरी उतरवून घ्यावे आणि त्यातून देशादेशांत समज वाढवावी, या विचाराला अमेरिकेने मोठे सरकारी पाठबळ दिले. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ११ सप्टेंबर १९५६ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी परिषद भरवली. याच सुमारास, त्यानंतर महिनाभराने, नागपूरला आणि चांद्याला काय घडले हे वाचकांना सांगावयास नको. दोन घटनांचा परस्पर संबंध नाही. पण परदेशातून भारत पाहावयास आलेल्यांपैकी किती जणांना या दुसऱ्या घटनेच्या माणसांपर्यंत कोणी नेले? मार्टिन ल्यूथर किंग १९५९ च्या फेब्रुवारीत भारतात आले आणि महिनाभर फिरले. दौऱ्याची व्यवस्था गांधी स्मारक निधीकडे होती. मुंबई, दिल्ली, पाटणा, मद्रास, त्रिवेंद्रम अशी गावे त्यात होती, नागपूर नव्हते. त्रिवेंद्रमला अस्पृश्य मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी ‘अमेरिकेतील एक अस्पृश्य’ अशी त्यांची ओळख करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, मग ते खरेच आहे असे वाटले, असे त्यांनी १९६५ च्या एका प्रवचनात सांगितले. हे त्यांना कळले ते एका शाळेत, क्षणभर. अडीच वर्षांपूर्वी लाखो अस्पृश्यांनी जो निर्णय घेतला होता, त्याच्या घरी त्यांना कोणी उतरवलेच नाही. मी यजमानांच्या हेतूवर शंका घेत नाही. यजमान आपल्याला प्रिय असलेलाच देश दाखवतो. म्हणूनच यजमान कोण, हा प्रश्न महत्त्वाचा.

आता वरोऱ्याकडे येऊ. ते माजरीहून मागचेच स्टेशन. १९५१ मध्ये बाबा आमटे यांनी तेथे आनंदवन सुरू केले. कुष्ठरोगी माणसांनी दगडाळ जमिनीत विहिरी खोदल्या, भाजी पिकवली, पण वरोऱ्याच्या बाजारात ती कोणी घेईना. पुढे १९५० च्या दशकातच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेचे देशोदेशींचे तरुण तेथे श्रमदानासाठी आले. पिएर सेरेसोल या स्विस माणसाने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधल्या उद्ध्वस्त गावी सुरू केलेले हे काम. १९३४ च्या भूकंपानंतर तो स्वतः बिहारमध्येही येऊन राबला होता. आनंदवनात या तरुणांनी विटा-माती वाहिली, इमारती बांधल्या. ते रोग्यांत राहिले आणि रोग्यांनी पिकवलेले जेवले. गोरे लोक ही भाजी खातात आणि त्यांना काही होत नाही, हे पाहून वरोऱ्याचे लोकही ती विकत घेऊ लागले, असे सांगतात.

ही गोष्ट आमच्या भागात कौतुकाने सांगितली जाते आणि ती कौतुकाचीच आहे. मी मात्र ती ऐकली की प्रत्येक वेळी अडखळतो. रोगाचे भय पाहुण्याच्या एका जेवणाने गेले, कारण ते अज्ञान होते. आमच्या घरी पाहुणा जेवला म्हणून शेजारच्या गल्लीतला माणूस जेवला, असे झाले काय?

मी सहावीत होतो. सन २००१. ऑक्टोबर महिना, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरील सोहळ्याचे दिवस. थायलंडचे एक भिक्खू त्या सोहळ्यासाठी निघाले होते. वस्तीतल्या उपासकांनी कोणाकोणाला भेटून त्यांना वाटेत माजरीला भोजनदानासाठी थांबवण्याचे ठरवले. आमच्या आजोबांचा उत्साह सर्वांत मोठा. ते खाणीत लोडर होते. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणापूर्वी ठेकेदाराच्या हाताखाली त्यांनी टोपल्या भरल्या होत्या. बायांनी पहाटेपासून स्वयंपाक केला आणि भांडी तीनदा घासली, कारण धूळ. भिक्खू बारानंतर जेवत नाहीत आणि गाडीला उशीर झालेला. साडेअकराला ते स्टेशनवर उतरले. आजोबा सारखे घड्याळ पाहत होते. माझी आजी भिक्खूंच्या ताटाकडे पाहत होती. भात, वरण, वांग्याची भाजी, पोळी. घाईघाईने जेवणाऱ्या भिक्खूंना पाहून आम्हां पोरांना हसू येत होते.

त्यांना मराठी येत नव्हते, हिंदीही नाही. वस्तीत इंग्रजी कोणाला येत नव्हते. आता बोलावे कसे? मग त्यांनी हात जोडून त्रिसरण सुरू केले आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांनी त्यांच्यासोबत पालीतून त्रिसरण-पंचशील म्हटले, एकही शब्द न चुकता. भिक्खू चमकून वर पाहत होते. दोन देशांतल्या माणसांचे याहून खरे संभाषण मी त्यानंतर कोणत्याही सभागृहात ऐकलेले नाही.

पलीकडच्या गल्लीतले लोक त्यांना पाहावयास आले. फोटो काढले, पायाही पडले. आजोबांनी सर्वांसाठी चहा ठेवला होता. “आत्ताच झाला,” असे म्हणून ते निघाले. विदेशी पाहुण्याने आमच्या ताटात जेवून आमचे ताट शुद्ध झाले नाही.

पण दोष केवळ त्यांचा नाही. आम्ही त्या भिक्खूंना काय सांगितले? त्यांनी एक सोनेरी मूर्ती दिली. विदर्भातल्या पुष्कळ विहारांत अशा मूर्ती आहेत. आम्ही हार घातले, चिवर दिले. आम्ही बौद्ध का झालो, त्याआधी कोणत्या विहिरीवर आम्हांला पाणी नव्हते, आत्ता चहा न घेता कोण गेले आणि का गेले, यातले काहीच त्यांना कळले नाही. दुभाषा नव्हता हे खरे. पण मागाहून सुशिक्षित झालेल्या आम्हां लोकांना दुभाषा मिळाला, तेव्हाही आम्ही पाहुण्याला विहारच दाखवला. नागपूरच्या इंदोऱ्यात जपानहून आलेले भदन्त सुरई ससाई आहेत. १९९९ चे कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी मदतीतून उभे राहिले. या नात्यांचा मला अभिमान आहे. परंतु सजवलेले घर दाखवण्याची प्रस्थापितांची सवय आपणही उचलली, हे आपल्याच नियतकालिकात म्हणावयाचे नाही तर कोठे?

पाहुणा विचारणारा असला तर गोष्ट बदलते, हेही पाहिले पाहिजे. एलिनॉर झेलियट या अमेरिकन बाई १९६० च्या दशकात आल्या, मराठी शिकल्या आणि आंबेडकरी चळवळीवर १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध पूर्ण केला. त्यांनी कार्लटन कॉलेजात शिकवताना दलित कविता इंग्रजीत नेली. पुण्यात मराठी घरांत राहून शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या उपक्रमाशीही त्यांचा दीर्घ संबंध होता. गेल ऑम्व्हेट तर पाहुण्या राहिल्याच नाहीत. त्या कासेगावच्या झाल्या आणि १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. यांना आपल्या लोकांनी मूर्ती दाखवून परत पाठवले नाही. त्यांनी विचारले आणि आपल्या माणसांनी सांगितले. कागद, कात्रणे, आठवणी काढून दिल्या.

त्या सात विद्यार्थ्यांचे काय झाले? ते आले, नऊ घरांपैकी सात घरांत राहिले, पुरणपोळी शिकले, ताडोबात जाऊन वाघ पाहून आले. निरोपाच्या सभेत एका मुलीने भारतीय कुटुंब किती प्रेमळ असते हे सांगितले. ती खोटे बोलत नव्हती. मी आभारप्रदर्शन केले.

यंदा पुन्हा एक गट येणार आहे. यादी पुन्हा माझ्याकडे आली. मी पहिल्या ओळीत माझे नाव लिहिले आणि पुढे वस्तीतली आणखी तीन घरे. त्यांतल्या दोन घरांत कमोड नाही. तो रकाना मी तसाच भरला आहे. दुभाषा म्हणून माझ्या एम. ए. च्या दोन विद्यार्थिनी येतील. त्यांना मी बाबासाहेबांचे ते टिपण वाचावयास दिले आहे. आई विचारते आहे की पाहुणी आपल्या बोअरचे पाणी पिईल की बाटलीचे आणावे लागेल. मी म्हटले, दोन्ही ठेवू. यादी अजून समितीपुढे यावयाची आहे.