एशूला सैतान कुणी केलं?

योरुबा बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढला, तर मराठी वाचकाला गंमत वाटेल. अरण्यात येशूची परीक्षा पाहायला जो येतो, त्याचं नाव तिथे एशू! खुद्द योरुबातही ही दोन नावं कानाला जवळचीच: जेसू आणि एशू. पण एशू हा नैऋत्य नायजेरिया आणि शेजारच्या बेनिनमधल्या योरुबांचा जुना देव. त्याच्या नावाला सैतान हा अर्थ चिकटला, त्याला अजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत.

आधी त्याचं काम पाहू. योरुबांचा परमेश्वर ओलोडुमारे. त्याच्या खालचे देव ते ओरिशा. आणि या सगळ्यांमध्ये व माणसांमध्ये निरोप्या म्हणून फिरतो तो एशू. इफा नावाचा कौल पाहणारा पुजारी, बाबालावो, तेलताडाच्या सोळा बिया हातात खेळवतो आणि लाकडी तबकात पसरलेल्या भुकटीवर खुणा उमटवतो. त्या तबकाच्या काठावर एशूचा चेहरा कोरलेला असतो. कौलात जो बळी किंवा नैवेद्य निघतो त्याला एबो म्हणतात. तो देवांपर्यंत पोचवायचा एशूने, म्हणून पहिला वाटा त्याचा. तो चुकला की पुढचं सगळं अडलं.

त्याचं ठाणं चव्हाट्यावर, बाजारात, उंबऱ्याशी. पुष्कळदा तिथे मूर्तीही नसते. जांभ्या दगडाचा ओबडधोबड तुकडा, यांगी, आणि त्यावर ओतलेलं तेलताडाच्या फळाचं लाल तेल. कोकणातल्या माणसाला हे फार परकं वाटू नये. त्याच फळाच्या बीमधून काढलेलं तेल मात्र एशूला अजिबात चालत नाही. लाकडात कोरलेल्या एशूच्या अंगावर कवड्यांच्या माळा लोंबतात. पश्चिम आफ्रिकेत कवडी हे चलन होतं आणि ती मोठ्या प्रमाणावर आपल्याच बाजूने, मालदीवच्या समुद्रातून, जहाजांनी तिकडे गेलेली. बाजाराच्या देवाने पैसेच गळ्यात घातले म्हणायचे.

खोड्यांबद्दल तर त्याची ख्याती. दोन जिवलग मित्रांची शेतं एकमेकांना लागून. मधल्या वाटेने एशू टोपी घालून गेला. टोपी एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरी. (रंग सांगणाऱ्यागणिक बदलतात.) लाल की पांढरी यावरून मित्र हातघाईवर आले. या गोष्टीत एक बारकावा असतो, तो बहुतेक जण गाळतात: मैत्रीची शपथ घेताना दोघे एशूला विसरले होते. आपण त्याला कळीचा नारद म्हणून मोकळे होऊ. पण नारद कळ लावून पुढच्या लोकी जातो. एशू हिशेब तपासायला मागे थांबतो. दिलेला शब्द पाळला का, देवाचा वाटा काढला का, हे पाहणं त्याच्याकडेच.

आता भाषांतरकार. अजायी हा ओसोगुन गावचा योरुबा मुलगा. १८२१ साली गुलामांच्या शिकाऱ्यांनी त्याला पकडलं आणि पुढे पोर्तुगीज जहाजावर चढवलं. १८२२ मध्ये ब्रिटिश आरमाराने ते जहाज अडवून त्याला सिएरा लिओनमध्ये उतरवलं. तिथे तो ख्रिस्ती झाला, सॅम्युएल अजायी क्राउथर झाला, १८६४ मध्ये बिशप झाला. १८४३ मध्ये त्याचा योरुबा शब्दसंग्रह छापून आला. योरुबा बायबलामागची मुख्य मेहनतही त्याचीच. ते १८८०च्या दशकात पुरं झालं. परमेश्वरासाठी त्याला ओलोरुन (म्हणजे ओलोडुमारेच) हा घरचा शब्द मिळाला. पण निखळ दुष्टपणाचा धनी योरुबांकडे नव्हताच. मग ज्याला लोक भितात, जो भांडणं लावतो, त्या एशूवर बोट ठेवलं गेलं. लहानपणी गावात एशूचे दगड पाहिले असतील अशा माणसाने हे करावं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

मराठी बायबलाला ही अडचण आली नाही. सैतान हा शब्द मुसलमानी अमलापासून आपल्या तोंडी होताच. कुणा गावदेवाचं नाव उसनं घ्यावं लागलं नाही. योरुबा बायबलात सातानी हा शब्दही आहे. ईयोबाच्या कथेत देवाच्या दरबारात हजर होऊन माणसाची निष्ठा तपासायला निघतो तो सातानी. एशूचं खरं काम ज्या पानावर आहे, तिथेच त्याचं नाव नाही!

छापील शब्दाचं वजन नावांवर पडलं. एशुग्बायी एलेको हे लागोसचे राजे. वसाहती सरकारने १९२५ मध्ये त्यांना हद्दपार केलं, तेव्हा ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढले आणि १९३१ मध्ये परतले. त्यांना एशूच्या नावाची लाज वाटल्याचं दिसत नाही. पण एशुबियी, म्हणजे एशूच्या कृपेने झालेलं मूल, असं आडनाव लावणाऱ्या काही घरांनी रोमन लिपीतलं एक अक्षर वाढवून जेसुबियी केलं.

गुलामांच्या जहाजांतून एशू अटलांटिकपार गेला, तिथे जोडी लावणारे वेगळे होते. क्यूबात तो एलेग्वा. त्याला बाल येशूच्या एका रूपाशी, आतोचाच्या बाळाशी, जुळवलं गेलं. दारामागे कवड्यांचे डोळे लावलेलं सिमेंटचं डोकं ठेवतात, ते त्याचंच. बेनिनच्या फोन लोकांत तो लेग्बा. त्या लेग्बाचा हैतीत काठी टेकणारा म्हातारा झाला, किल्ल्या बाळगणाऱ्या संत पीटरच्या जोडीचा. ब्राझीलमध्ये मात्र एशूला शिंगं आणि त्रिशूळ चिकटले. तरी तिथल्या कांदोम्ब्ले पंथाच्या विधीत पहिला मान त्याचाच.

अलीकडे नायजेरियात आणि बाहेरही ‘एशू म्हणजे सैतान नव्हे’ असं लिहिलेले फलक घेऊन लोक उभे राहतात, शब्दकोश आणि भाषांतरयंत्रं दुरुस्त करा म्हणतात. योरुबा चर्चमध्ये मत्तयचा चौथा अध्याय वाचला जातो, तेव्हा अरण्यात अजूनही एशूच येतो. परीक्षा घ्यायला.