हुगळीकाठचे श्रीरामपूर

श्रीरामपूर हे नाव ऐकताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रवरेच्या परिसरातील, उसाच्या मळ्यांनी वेढलेले बाजारपेठेचे गाव उभे राहते. परंतु मराठी भाषेच्या इतिहासाशी ज्याचा संबंध कितीतरी जुना आहे, असे दुसरे श्रीरामपूर महाराष्ट्रापासून फार दूर, बंगालमध्ये, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर वसलेले आहे. मराठी गद्याची पहिली छापील पुस्तके या गावात तयार झाली. ज्या भूमीवर मराठी बोलणारा माणूस साठ वर्षांपूर्वी केवळ घोड्यावरून आणि हाती भाला घेऊन आला होता, त्याच भूमीवर त्याची भाषा शिशाच्या खिळ्यांत उतरली.

हावड्याहून निघणारी उपनगरी गाडी अर्ध्या-पाऊण तासात श्रीरामपूरला पोचते. हा लोहमार्ग १८५४ साली सुरू झाला. म्हणजे मुंबई-ठाणे मार्गानंतर अवघ्या वर्षभराने. तरीही या गावात शिरण्याची खरी वाट नदीचीच आहे. पलीकडच्या काठावर बराकपूर आहे. तेथून होडीने निघालेल्या प्रवाशाला समोरच्या झाडीवर प्रथम दिसते ते सेंट ओलाव चर्चचे उंच शिखर. दोन्ही काठांमधले अंतर थोडे, पण एके काळी या थोड्या पाण्याने दोन राज्ये विभागली होती. बराकपूरला इंग्रजांच्या गव्हर्नर-जनरलचा विश्रामप्रासाद होता, आणि श्रीरामपुरावर डेन्मार्कच्या राजाचे निशाण फडकत होते.

बंगालचा नबाब अलीवर्दीखान याच्याकडून परवानगी मिळवून डॅनिश व्यापाऱ्यांनी १७५५ साली येथे वखार घातली. आपला राजा पाचवा फ्रेडरिक याच्या नावावरून त्यांनी या ठाण्याला फ्रेडरिक्सनगर म्हटले. राजाच्या नावाला ‘नगर’ जोडण्याची ही रीत एतद्देशीय कानांना अपरिचित नव्हती. तथापि लोकांनी ते नाव स्वीकारले नाही, जुने श्रीरामपूरच जिभेवर राहिले. नेपोलियनच्या युद्धांमुळे १८०८ ते १८१५ या काळात इंग्रजांनी गावाचा ताबा घेतला होता. पुढे १८४५ साली डेन्मार्कने तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीसह श्रीरामपूरही साडेबारा लक्ष रुपयांना इंग्रजांना विकले. नव्वद वर्षांच्या या राजवटीने फार मोठे असे काही उभारले नाही. पण एका गोष्टीमुळे तिचे स्मरण राहिले: तिने काही आश्रितांना थारा दिला.

हे आश्रित म्हणजे बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. धर्मप्रसारामुळे प्रजा बिथरेल आणि व्यापाराला धोका पोचेल, या भयाने इंग्रजी कंपनी आपल्या मुलखात त्यांना येऊ देत नसे. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे १७९९ साली कलकत्त्याऐवजी श्रीरामपूरला उतरले. १७९३ पासून बंगालमध्ये राहिलेला विल्यम कॅरी जानेवारी १८०० मध्ये त्यांना येऊन मिळाला. कॅरी मूळचा चांभारकाम करणारा, मार्शमन शिक्षक, वॉर्ड मुद्रक. डॅनिश गव्हर्नर ओले बी याने त्यांना संरक्षण दिले, आणि त्याच वर्षी नदीकाठच्या घरात छापखाना सुरू झाला. पुढील तीन दशकांत या छापखान्यातून सुमारे चाळीस भाषा आणि बोलींत बायबलचे भाग छापले गेले. १८१८ साली ‘समाचार दर्पण’ हे बंगाली वृत्तपत्र निघाले. त्याच वर्षी महाविद्यालय स्थापन झाले आणि १८२७ मध्ये त्याला डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. कागद करण्यासाठी १८२० साली वाफेचे यंत्रही येथे बसवण्यात आले.

या सर्व उद्योगाचा पाया मात्र एका बंगाली कारागिराच्या हातात होता. पंचानन कर्मकार हा जातीने व व्यवसायाने लोहार. १७७८ साली हालहेडचे बंगाली व्याकरण छापले गेले, तेव्हा चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली त्याने बंगाली अक्षरांचे ठसे कोरले होते. श्रीरामपूरला आल्यावर त्याने देवनागरीचे काम हाती घेतले. पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा तयार करायचा आणि त्या साच्यात शिशाचे खिळे ओतायचे, अशी ही रीत. रोमन लिपीला थोडक्या ठशांत भागते; देवनागरीला जोडाक्षरे आणि मात्रा धरून सुमारे सातशे ठसे लागले. पंचाननाच्या मृत्यूनंतर त्याचा जावई मनोहर याने ही विद्या पुढे चालवली. श्रीरामपूरची मराठी ज्या अक्षरांत उमटली, ती अक्षरे मराठी मुलखाबाहेरच्या या हातांनी घडवलेली होती.

बंगालमध्ये मराठीची गरज का भासावी, या प्रश्नाचे उत्तर राजकारणात आहे. कंपनीच्या तरुण नोकरांना देशी भाषा शिकवण्यासाठी १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. कॅरी तेथे १८०१ पासून बंगाली शिकवू लागला आणि पुढे मराठीही त्याच्याकडे आली. हा काळ दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा होता. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना कटक प्रांत सोडावा लागला. ज्यांचे मुलूख घ्यायचे आणि ज्यांच्या दरबारांशी पत्रव्यवहार करायचा, त्यांची भाषा राज्यकर्त्यांना येणे अगत्याचे होते. एकीकडे धर्मप्रसाराची आणि दुसरीकडे राज्यविस्ताराची, अशा दोन परक्या निकडींच्या पोटी मराठी ग्रंथमुद्रणाचा हा उद्योग जन्मला. ही गोष्ट अप्रिय असली तरी तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही.

१८०५ साली कॅरीचे मराठी भाषेचे व्याकरण छापून झाले. त्याच वर्षी मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर निघाले. १८१० साली मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ साली संपूर्ण ‘नवा करार’ प्रसिद्ध झाला. या कामात कॅरीचा आधार होता तो कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा यांचा. ते नागपूरकडील. कॅरीने व्याकरणाच्या प्रस्तावनेत त्यांचे ऋण मान्य केले आहे. पुढे १८१४ पासून दोन-तीन वर्षांत वैजनाथांची स्वतःची गद्य भाषांतरे निघाली: ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’, ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ आणि ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’. यांपैकी प्रतापादित्याचे चरित्र हे रामराम बसू यांच्या १८०१ सालच्या बंगाली ग्रंथावरून केलेले. बंगाली गद्याचा आरंभ ज्या ग्रंथांनी झाला त्यांतलाच एक ग्रंथ, त्याच छापखान्यात, मराठी गद्याच्या आरंभालाही उपयोगी पडला. दोन्ही भाषांचे मुद्रित गद्य एकाच अंगणात चालायला शिकले असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु प्रवाशाने क्षणभर थांबावे ते शेवटच्या पुस्तकापाशी. रघुजी भोसले हे नाव हुगळीच्या काठावर साधे नाव नव्हते. १७४२ साली रघुजींचे सेनापती भास्कर राम यांच्या फौजा बंगालमध्ये उतरल्या आणि त्याच वर्षी हुगळी शहर मराठ्यांच्या हाती गेले. कलकत्त्याच्या रहिवाशांनी भयाने शहराभोवती खंदक खणला; त्याला मराठा खंदक असे नाव पडले. १७४४ साली अलीवर्दीखानाने भेटीच्या निमित्ताने बोलावून भास्कर रामांना ठार केले. १७५१ साली तह होऊन बंगालची चौथाई बारा लक्ष रुपये ठरली, तेव्हा कोठे स्वाऱ्या थांबल्या. मराठी बखरींत हा पराक्रमाचा अध्याय आहे. बंगाली स्मृतीत मात्र तो गावे जाळणाऱ्या ‘बर्गीं’चा आहे: गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात त्याचे वर्णन आहे, आणि मुलांना निजवताना म्हटल्या जाणाऱ्या बंगाली अंगाईतही बर्गी अजून येतात. ‘बर्गी’ हा शब्द मुळात आपलाच ‘बारगीर’.

या पार्श्वभूमीवर भोसल्यांच्या वंशाची हकिकत श्रीरामपूरच्या छापखान्यात, बंगाली जुळाऱ्यांच्या हातून, खिळ्याला खिळा लागून तयार झाली. त्या जुळाऱ्यांच्या आज्यांनी बर्गींच्या भयाने नदी ओलांडली असणे अशक्य नाही. इतिहासाने या दोन्ही लोकांना पुन्हा एकत्र आणले ते तिसऱ्याच सत्तेच्या चाकरीत. परंतु या वेळी त्यांच्यामध्ये ग्रंथ होता, तलवार नव्हती, एवढे तरी या छापखान्याच्या पदरी घालावे लागते.

वैजनाथांचे हे गद्य मोडी लिपीत छापले गेले. पहिल्या व्याकरणात कॅरीने देवनागरी वापरली. कोशाच्या वेळी त्याने मोडी पत्करली. त्याचे कारण व्यवहाराचे होते. मराठी राज्यांची पत्रे, हिशेब आणि दप्तरे मोडीत होती. बालबोध अक्षर मुख्यतः पोथ्यांचे. ज्या अधिकाऱ्याला दरबारची पत्रे वाचायची, त्याला मोडीच यायला हवी. मोडी ही मुळात धावत्या हाताची लिपी. ओळ आधी आखून घ्यायची आणि लेखणी न उचलता अक्षरे एकमेकांत वळवीत न्यायची, हा तिचा स्वभाव. सुट्या खिळ्यांत तिला बसवणे म्हणजे वाहते पाणी घागरींत भरण्यासारखेच होते. तरी श्रीरामपूरच्या कारागिरांनी ते साधले.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. अनेक भाषांचे खिळे वितळले, कागदाचे साठे आणि हस्तलिखिते जळाली, कॅरीच्या बहुभाषिक कोशाची अनेक वर्षांची सामग्री नाहीशी झाली. नुकसान सत्तर हजार रुपयांच्या घरात गेले. मात्र राख उपसताना पोलादी ठसे आणि साचे शाबूत सापडले. वितळलेले शिसे गोळा करून त्यातूनच नवे खिळे ओतण्यात आले आणि काही महिन्यांत छपाई पूर्ववत सुरू झाली. वैजनाथांची गद्य पुस्तके या आगीनंतरची आहेत.

आगीतून वाचलेली ही परंपरा पुढे निराळ्या कारणाने खंडित झाली. १८१८ साली पेशवाई संपल्यावर मराठी ग्रंथनिर्मितीचे केंद्र मुंबईकडे सरकले. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश बालबोध लिपीत निघाला. त्याच वर्षी गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले. छापील मराठीची लिपी बालबोध ठरली आणि पुणेरी भाषा प्रमाण मानली गेली. नागपूरकडच्या पंडिताचे गद्य मागे पडले, आणि विसाव्या शतकात मोडी शाळांतूनही गेल्यावर ते अभ्यासकांपुरते उरले. आज मराठी साहित्याच्या इतिहासात वैजनाथांच्या पुस्तकांची नावे विद्यार्थी पाठ करतो. पण प्रत त्याच्या हाती ठेवली तर त्याला तिची पहिली ओळही वाचता येणार नाही. आपल्या मुद्रित गद्याचा आरंभ आपल्यालाच अनोळखी व्हावा, असे फार थोड्या भाषांच्या वाट्याला आले असेल.

श्रीरामपूरच्या वास्तूंची जपणूक अलीकडच्या काळात डोळ्यांत भरण्याजोगी झाली आहे. १८०६ साली पुरे झालेले सेंट ओलाव चर्च डेन्मार्क आणि पश्चिम बंगाल यांच्या सहकार्याने दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा खुले झाले. त्याच्या दर्शनी भागावरील सातव्या ख्रिश्चन राजाची मुद्रा आता स्पष्ट दिसते. नदीकाठची अठराव्या शतकातली खाणावळ २०१८ पासून पुन्हा प्रवाशांचे स्वागत करू लागली. महाविद्यालयाच्या भव्य स्तंभांपुढून हुगळी पूर्वीसारखीच वाहते. १८३४ साली वारलेला कॅरी आणि त्याचे दोन्ही सहकारी याच गावात चिरनिद्रा घेत आहेत. दक्षिणेकडील माहेशला आषाढात जगन्नाथाची रथयात्रा भरते. १८८५ सालचा लोखंडी रथ ओढण्यासाठी लोटणाऱ्या गर्दीला डेन्मार्कचेही स्मरण नसते आणि छापखान्याचेही. गावाचे आपले जीवन या साऱ्यांहून जुने आहे.

महाविद्यालयाच्या आवारातील कॅरी ग्रंथालयात त्या छापखान्याची जुनी पुस्तके जतन करून ठेवली आहेत. मराठी प्रवाशाने चर्चचे शिखर आणि नदीचा घाट पाहून परत न फिरता तेथवर जावे. वास्तूची डागडुजी चुना आणि विटांनी होते. ग्रंथाची डागडुजी वाचणाऱ्याकडूनच होते. मोडी शिकायला जिज्ञासू विद्यार्थ्याला काही आठवड्यांचा अभ्यास पुरतो. तेवढी तयारी करून कोणी तेथे गेला, तर बंगाली लोहाराच्या परंपरेने ओतलेल्या अक्षरांतून नागपूरकडच्या पंडिताची मराठी त्याला दोनशे वर्षांनंतरही ऐकू येईल.