कोलोआचं कूळ

हवाईच्या कौआई बेटावर, हनालेईच्या खोऱ्यात, अळूची शेती पाणी तुंबवलेल्या खाचरांत होते. त्या खाचरांत चरणारं तपकिरी रानबदक म्हणजे कोलोआ. त्याचं भावंड मानलं गेलेलं लेसान बदक तिथून हजाराहून अधिक किलोमीटर वायव्येला, जेमतेम चार चौरस किलोमीटरच्या लेसान बेटावर राहतं. त्याच्या डोळ्यांभोवती पांढरं कडं असतं. खाऱ्या तळ्याकाठी माश्या घोंगावू लागल्या की मान पुढे काढून, चोचीची उघडझाप करत ते त्या घोळक्यातून सुसाट धावतं.

दोन्ही बदकं एकेकाळी मॅलार्ड या रानबदकाच्या पोटजाती समजली जात. १९९६ साली हवाईच्या मोठ्या बेटांवर सापडलेल्या जुन्या हाडांतला डीएनए तपासला, तेव्हा ती लेसान बदकाची निघाली. म्हणजे लेसान हे त्याचं मूळ गाव नव्हे, शेवटचा आसरा. माणसांबरोबर आलेल्या उंदरांसारख्या शिकाऱ्यांपुढे इतर बेटांवर ते टिकलं नाही. लेसानवरही १९०३च्या सुमारास आणलेल्या सशांनी हिरवळ फस्त केली आणि १९१२मध्ये डझनभरसुद्धा बदकं उरली नव्हती. १९२३मध्ये ससे संपवले, म्हणून वंश वाचला. २००४-०५मध्ये त्यातली ४२ बदकं मिडवे बेटावर नेली. तिथे ती रुळली, वाढली.

कोलोआची जन्मकथा २०१५मध्ये उलगडली. काही हजार वर्षांपूर्वी हवाईत पोचलेले मॅलार्ड आणि तिथली लेसान बदकं यांच्या संकरातून कोलोआ जन्मलं. भावंड कसलं, लेसान बदक त्याच्या आईबापांपैकीच एक!

आज कोलोआला धोका आहे तो मॅलार्डशी होणाऱ्या संकराचाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तळ्यांत पाळायला आणि शिकारीसाठी माणसांनी मॅलार्ड आणले. ते रानात मोकाट झाले. संकरानेच जन्मलेल्या पक्ष्याला संकरापासून कशाला जपायचं, असं कुणी विचारेल. मला हा प्रश्न फसवा वाटतो. तेव्हाच्या मीलनानंतर त्या संततीला आपसांत स्थिरावायला, नवी जात म्हणून घडायला हजारो वर्षं मिळाली. आता मॅलार्ड कायमचे शेजारी झालेत आणि हवाईच्याच ओआहू बेटावर तर संकरित बदकांचीच गर्दी आहे. तिथे नव्याने कोलोआ सोडायचे, तर आधी मॅलार्ड आणि संकरित बदकं हटवावी लागतील. सोडायला शुद्ध वाणाचे पक्षी मात्र आहेत: कौआईवरचे बहुतेक कोलोआ अजून निर्भेळ असल्याचं २०१९च्या जनुकीय तपासणीत दिसलं.