नाव पुसण्याचा अधिकार कोणाला?

१९३१ च्या जनगणनेत संयुक्त प्रांतातील अस्पृश्यांची संख्या १ कोटी २६ लाख होती. पुढच्याच वर्षी तिथल्या प्रांतिक मताधिकार समितीने ती ६ लाखांवर आणली. बंगालमध्ये जनगणनेचा आकडा १ कोटी ३ लाख होता, तर प्रांतिक समितीचा ७० हजार. एका वर्षात ना महामारी आली होती, ना अस्पृश्यता संपली होती. बदलले होते ते एवढेच की कायदेमंडळातल्या जागा आता लोकसंख्येवर ठरणार होत्या. जोवर आपली संख्या म्हणजे फक्त गावकीचे काम करणारे हात होते, तोवर तिला कोणाचा आक्षेप नव्हता. ती मतांमध्ये मोजली जाणार म्हटल्यावर आपण अस्तित्वातच नाही, असे सांगितले गेले.

बाबासाहेब तेव्हा लोथियन समितीचे सभासद होते. त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली आणि पुढे आपल्या लेखनात हे आकडे शेजारी-शेजारी मांडले. ते मांडता आले, कारण जनगणनेचे छापील खंड शिल्लक होते. समिती नवा आकडा लिहू शकत होती, पण जुना पुसू शकत नव्हती. हा मुद्दा ध्यानात ठेवून आम्ही आजच्या काळाकडे येतो.

आज आपले जॉब कार्ड, रेशन कार्ड, शिष्यवृत्तीचा अर्ज, मतदार यादीतले नाव हे सारे डेटाबेसमध्ये आहे. या डेटाबेसशी दुसरी संगणक प्रणाली ज्या दारातून बोलते, त्याला एपीआय म्हणतात. वेबवर या बोलण्याची ठरलेली क्रियापदे आहेत. गेट म्हणजे दाखव, पोस्ट म्हणजे नवे घे, पुट म्हणजे बदल आणि डिलीट म्हणजे काढून टाक. हे क्रियापद १९९७ च्या एचटीटीपी १.१ या मानकात आहे. काम फत्ते झाले की सर्व्हर बहुधा २०४ हा आकडा परत पाठवतो. त्याचा अर्थ, झाले, सांगण्यासारखे काही नाही.

तंत्रज्ञ मंडळी पुसण्याचे दोन प्रकार मानतात. पहिल्यात नोंद जागेवरच राहते, फक्त तिच्यावर ‘काढलेली’ अशी खूण लागते आणि ती परत आणता येते. दुसऱ्यात नोंद कायमची जाते. जीमेलच्या एपीआयमध्ये या दोन स्वतंत्र आज्ञा आहेत, एक कचरापेटीत टाकण्याची आणि दुसरी कायमचे पुसण्याची. दुसरीच्या माहितीपत्रकातच इशारा आहे की हे उलटवता येत नाही, शक्यतो पहिलीच वापरा. म्हणजे जाहिरातीच्या एका ईमेललाही मरणाआधी थोडी सवलत मिळते.

आता माणसांचे पाहू. तत्कालीन सरकारने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार २०२२-२३ या एका वर्षात मनरेगाच्या यादीतून ५ कोटी १८ लाख मजुरांची नावे काढली गेली. आदल्या वर्षी हा आकडा १ कोटी ४९ लाख होता. कारणे सांगितली गेली ती अशी: बनावट कार्ड, दुबार कार्ड, काम करण्याची इच्छा नाही, कुटुंब कायमचे स्थलांतरित, मृत्यू. तेलंगणात २०१६ नंतर सुमारे १९ लाख रेशन कार्डे रद्द झाली. संगणकाने अपात्र ठरवले, घरी जाऊन कोणी विचारले नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला प्रत्यक्ष पडताळणीचा आदेश द्यावा लागला. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात २०१७ साली अकरा वर्षांची मुलगी गेली. आधार जोडले नाही म्हणून कुटुंबाचे रेशन कार्ड रद्द झाले होते आणि घरात महिनोन् महिने रेशन आले नव्हते. आई म्हणाली, भुकेने गेली. प्रशासन म्हणाले, आजाराने. कार्ड रद्द झाले होते, हे मात्र खरे होते.

‘काम करण्याची इच्छा नाही’ हे कारण मुद्दाम पुन्हा वाचा. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून धडा घेऊन रोजगार हमीचा कायदा देशाआधी केला, तिथल्या कार्यकर्त्यांना हे वाक्य टोचले पाहिजे. मजूर बाईला इच्छा आहे की नाही, हे तिला न विचारता कोणाला कळले? संगणकाच्या यादीत कारणाचा एक रकाना असतो आणि त्यातले एक कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून एक कारण निवडले जाते. एकेकाळी पाटील-कुलकर्णी वहीत लिहीत असत, तेव्हा निदान कोणी लिहिले हे गावाला ठाऊक असे. आज तहसीलात विचारले तर उत्तर मिळते, ‘सिस्टीमने उडवले.’ सिस्टीमला गाव नसते, आडनाव नसते आणि जातही नसते, असे आपल्याला सांगितले जाते. पण नाव कोणाचे उडते, याला मात्र वर्ग असतो आणि जातही असते.

इथे काही मित्र म्हणतील की बनावट कार्डे असतातच, ती काढायची नाहीत का? जरूर काढावीत. आमच्या वाट्याचे धान्य आणि मजुरी बोगस नावांनी खाल्ली जाते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. आमचे म्हणणे एवढेच आहे की काढण्यापूर्वी विचारा आणि काढल्यावर माग ठेवा. वेबच्या भाषेतच याचे उत्तर आहे. ४०४ म्हणजे ‘सापडत नाही’. यात ते कधी होते की नव्हते, हे कळत नाही. ४१० म्हणजे ‘इथे होते, आता काढले आहे’. संयुक्त प्रांताच्या समितीला आपल्यासाठी ४०४ हवा होता. आपली किमान मागणी ४१० ची आहे.

मग पुसणे नेहमीच वाईट का? तसेही नाही, आणि आपल्या चळवळीने याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नावे रजिस्टरात चढवली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणात राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, पण त्याची जागा ‘सराईत गुन्हेगार’ कायद्यांनी घेतली आणि संशय ठाण्यातल्या वह्यांत तसाच राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या रजिस्टरांतून जातीचा रकाना आणि जातीचे उल्लेख काढून टाकण्याचा आदेश दिला. या पुसण्याचे आम्ही स्वागत करतो.

दोन्हींत फरक काय? वरून लादलेला शिक्का पुसला गेला की माणूस मोकळा होतो. हक्काची नोंद पुसली गेली की माणूस नाहीसा होतो. म्हणून नुसते ‘पुसले की ठेवले’ विचारून भागत नाही. नोंद कोणावर ओझे होती आणि कोणाला आधार होती, हे विचारावे लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला आपली माहिती पुसायला लावण्याचा हक्क दिला, पण त्याच कायद्याने त्या बंधनातून राज्यसंस्थेला सूट दिली. म्हणजे शासन आमचा आधार आम्हाला न विचारता पुसू शकते आणि आमच्यावरचा शिक्का आम्ही सांगूनही ठेवू शकते. हा उलटा न्याय आहे.

नोंद आपण स्वतः बदलू शकतो, हेही इतिहासाने दाखवले आहे. १९५१ च्या जनगणनेत देशात बौद्ध सुमारे १ लाख ८० हजार होते. १९६१ मध्ये ते साडेबत्तीस लाखांच्या आसपास गेले. मध्ये १९५६ ची दीक्षाभूमी होती. प्रगणकासमोर बसून लाखो निरक्षर माणसांनी ‘बौद्ध लिहा’ असे सांगितले. ती नोंद कोणाच्या मेहेरबानीने झाली नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे साधे आहे. वस्तीतल्या प्रत्येक जॉब कार्डाचे आणि रेशन कार्डाचे संकेतस्थळावरचे पान दरवर्षी छापून बुद्धविहारात फाईल करा. नाव उडाले तर माहिती अधिकारात चार गोष्टी मागा: काढल्याची तारीख, कारण, कोणाच्या लॉगिनने काढले आणि त्याआधी दिलेली नोटीस. काढायच्या नावांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवण्याचा आग्रह धरा. बाबासाहेबांच्या हातात जनगणनेचे छापील खंड होते, म्हणून ६ लाखांचे खोटे टिकले नाही. आपल्या हातातही कागद असला पाहिजे.

जय भीम!