आपल्या कथेतला नायक घाबरत का नाही?

घणसोली गावात आम्ही काही कार्यकर्ते तरुणांच्या कथा ऐकायला बसतो. पोरं मनापासून लिहितात. पण दहा कथा ऐकल्या तरी नायक एकच भेटतो. तो वर्गात पहिला येतो, अन्याय दिसला की भाषण करतो, शेवटी अधिकारी होऊन वस्तीत परततो. त्याला भीती नाही, लाज नाही, चूक तर नाहीच. समोरचा सवर्ण जन्मापासून दुष्ट. हा नायक आम्हाला प्रिय आहे, पण खरा वाटत नाही. आमच्या मते हा फक्त लेखनकौशल्याचा प्रश्न नाही, कारण आपल्या साहित्याचा इतिहास याच्या नेमका उलट आहे.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करू. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि पुढे शतकाहून अधिक काळ ते छापलेच गेले नाही. नाटकात एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालतो. बाई घाबरते, नवराही फसतो, घरातला पैसा भटभिक्षुकांच्या पोटात जातो. शेवटी तेच जोडपे शाळेत जायचे ठरवते. जोतीराव या जोडप्याला पहिल्याच प्रवेशात शहाणे करून मोकळे झाले असते, तर तो नुसता उपदेश उरला असता. बाई खरोखर घाबरते म्हणून तिचे शाळेकडे वळणे पटते. त्याच वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये जोतीरावांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. मांगमहारांचे दुःख प्रथमपुरुषी, त्यांच्याच मुलीच्या तोंडून. ती कथा नव्हे, पण 'मी' म्हणणारा आवाज तिथे होता.

पुढे कितीतरी वर्षे प्रस्थापित मराठी कथेत हा 'मी' दिसत नाही. आपला माणूस येतो तो दयेचा विषय म्हणून. श्री. म. माटे यांचे 'उपेक्षितांचे अंतरंग' १९४१ मध्ये आले. माटे प्रामाणिक होते. अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी राबले म्हणून सनातनी त्यांना 'महार माटे' म्हणून हिणवत. हे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण अंतरंग म्हणताना पाहणारा डोळा बाहेरचाच राहिला. त्यांची माणसे भोगतात, रडवतात. वळून लेखकालाच प्रश्न विचारत नाहीत.

अण्णाभाऊ साठ्यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहिली आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. फकिरा शूर आहे, थोडा जास्तच शूर आहे असे म्हणणारे भेटतात. त्यांनी फकिराच्या बापाकडे, राणोजीकडे पाहावे. ज्या गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच गावाच्या इज्जतीसाठी तो दुसऱ्या गावची जोगिणी आणायला जातो आणि जीव गमावतो. हा शहाणपणा आहे का? नाही. पण गावगाड्यात रुतलेला माणूस असाच वागतो, आणि हे अण्णाभाऊंना ठाऊक होते, कारण ते वाटेगावच्या मांगवाड्यातच वाढले होते. आणखी एक. त्या कादंबरीत मांगांच्या बाजूने उभे राहणारे शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णीही आहेत. त्यामुळे जातव्यवस्थेवरचा घाव हलका होत नाही, उलट खोल जातो. चार माणसे चांगली असूनही व्यवस्था मांगांना जगू देत नाही, हे त्यातूनच दिसते.

आणि मग १९६३. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो. जात विचारली जाते तेव्हा तो सांगत नाही. लोक त्याला सवर्ण समजून मान देतात, घरी जेवायला बोलावतात. त्याच कथेत काशिनाथ आहे, मुंबईचाच, चाकू बाळगणारा, कोणाचे ऐकून न घेणारा. थांबून विचार करा. बागुलांना नायक हवा होता तर तो तयार उभा होता. तरी त्यांनी कथा काशिनाथच्या तोंडी दिली नाही, लपणाऱ्याच्या तोंडी दिली. हा लपणारा पोरगा हुशार आहे, कविता करतो, आणि आतून थरथरतो. जात उघड झाल्यावर मार खातो. वाचवायला काशिनाथ येतो. तरीही दोष तो मारणाऱ्यांपेक्षा मनूला देतो. ताकद काशिनाथमध्ये आहे, पण जातीचे आतले काम कळते ते या घाबरलेल्या माणसामुळे.

योगायोग असा की याच १९६३ साली अमेरिकेत अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचे 'स्टिग्मा' हे पुस्तक आले. कलंक लपवून वावरणारा माणूस सतत माहिती सांभाळत जगतो, हा त्याचा एक मुख्य मुद्दा. एम.ए.ला आम्हाला गॉफमन अभ्यासाला होता. बागुल नव्हते.

हे उधन्याचे, साठ वर्षांपूर्वीचे म्हणून बाजूला ठेवता येत नाही. गावठाणातल्या चाळीत खोली बघायला गेलात की भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते. रबाळ्याच्या कंपनीत कामाला लागलेली आपली किती पोरे तिथे गावाचे नाव पुढे करतात, आडनाव गिळतात. संध्याकाळी हीच पोरे सभेत मोठ्याने घोषणा देतात. यात ढोंग नाही, खोलीची गरज आहे. मात्र कथा लिहायला बसले की ते फक्त घोषणा देणारा लिहितात.

आणि खोली नाकारणारा? तोही राक्षस नसतो. नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली, त्यात इथल्या आगरी-कोळ्यांची भातशेती गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढा दिला, १९८४ साली पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. ज्याच्या बापाची जमीन सरकारने घेतली, त्याच्या पोटाला आज चाळीचे भाडे आहे, आणि तोच आपले आडनाव ऐकून "घरच्यांना विचारून सांगतो" म्हणतो. लुटला गेलेला माणूस दुसऱ्याला दाराबाहेर ठेवतो. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. ती दाखवायला असा घरमालक लागतो, टिळेवाला खलनायक पुरत नाही.

यावर आमचेच काही साथी चिडतात. आपली भीती, आपली लाज आपणच चव्हाट्यावर मांडायची आणि विरोधकांच्या हातात कोलीत द्यायचे? प्रश्न खोटा नाही. पण बागुलांचीच 'आई' वाचा. 'श्यामची आई' १९३५ पासून घराघरांत वाचली जात होती. आई म्हणजे वात्सल्य आणि संस्कार हे ठरून गेले होते. बागुलांच्या कथेतही शाळेत मास्तर आईची कविता शिकवतात, पांडू भारावून ऐकतो. लगेच पोरे त्याला टोमणा मारतात की तुझी आई मुकादमाबरोबर असते. पोरगा घरी येऊन आईवर उलटतो. ती विधवा आहे, राबते, तिला शरीर आहे, एकटेपण आहे. बागुल तिला देवी करत नाहीत आणि तिची बदनामीही करत नाहीत. ते पोराची जळजळही खोटी ठरवत नाहीत. कविता आणि झोपडी यांच्यामध्ये सापडलेली ही दोन माणसे आहेत. विरोधकाच्या हातात यातून काय लागते? उलट त्याच्या कवितेतली आईच उघडी पडते.

ऊर्मिला पवारांच्या 'कवच'मध्ये पुन्हा आई आणि पोरगा. आई बाजारात आंबे विकते. गिऱ्हाइकांचे अचकट बोलणे ऐकून पोरगा शरमतो, आपल्या आईने हे आंबे विकू नयेत असे त्याला वाटते. पण ती घाबरत नाही. त्यांच्याच भाषेत सणसणीत उत्तर देते. सभ्य घरात चालणार नाही असे ते उत्तर, आणि तेच तिचे कवच.